तुमचे आकडे एकाच शर्यतीत धावले का?

आज सुरुवात एका कोड्याने करू. युगांडाचा धावपटू जेकब किप्लिमो याने २०२३ साली ऑस्ट्रेलियातल्या बॅथर्स्टला जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धा जिंकली. वेळ होती २९ मिनिटं १७ सेकंद. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, सर्बियातल्या बेलग्रेडला तो पुन्हा पहिला आला. वेळ २८ मिनिटं ९ सेकंद. दोन्हीकडे अंतर १० किलोमीटर. तर सांगा, एका वर्षात किप्लिमो किती सुधारला?

"६८ सेकंदांनी" हे उत्तर मनात आलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. खरं तर माझ्यासाठीही आहे. कारण पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी याच पद्धतीचं उत्तर प्रगती सेमिनारमध्ये, स्लाइडवर, ठळक अक्षरांत लिहून दाखवलं होतं. माझ्याकडे धावपटूंऐवजी माती होती, एवढाच फरक. तो किस्सा शेवटी सांगते. आधी शर्यत समजून घेऊ.

या खेळात विश्वविक्रम का नसतो?

ट्रॅकवरची १० हजार मीटर शर्यत कुठेही घ्या, ट्रॅक ४०० मीटरचाच असतो, सपाट असतो. म्हणून टोकियोची वेळ आणि पॅरिसची वेळ शेजारी शेजारी ठेवता येते. क्रॉस कंट्रीचं तसं नाही. ही शर्यत गवतावरून, चिखलातून, चढउतारांवरून जाते आणि दर वेळी मैदान वेगळं असतं. २०१९ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हूसला तर मार्ग एका संग्रहालयाच्या गवत लावलेल्या उतरत्या छपरावरून नेला होता. दर फेरीत छपरावर चढायचं आणि उतरायचं! बॅथर्स्टला डोंगराळ भाग, द्राक्षमळ्यातली वाट, मुद्दाम केलेला चिखल आणि फेब्रुवारी म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा. बेलग्रेडला एका बागेतला बराचसा सपाट मार्ग.

त्यामुळे जागतिक ॲथलेटिक्स महासंघ क्रॉस कंट्रीचे विश्वविक्रम नोंदवतच नाही. वेळ मोजतात, छापतात, पण एका वर्षाची वेळ दुसऱ्या वर्षाच्या वेळेशी लावून कुणी श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवत नाही.

इथे एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, "मॅडम, सोपं आहे. बॅथर्स्टचा मार्ग ६८ सेकंदांनी अवघड धरू. तेवढे वजा केले की झालं." मलाही असंच वाटायचं. पण महिलांची शर्यत बघा. दोन्ही वर्षी केनियाची बीट्रिस चेबेट जिंकली. बॅथर्स्टला ३३ मिनिटं ४८ सेकंद, बेलग्रेडला ३१ मिनिटं ५ सेकंद. फरक १६३ सेकंदांचा. टक्केवारीत काढलं तर किप्लिमोच्या वेळेत साधारण ४ टक्के फरक पडला, चेबेटच्या वेळेत ८ टक्के.

म्हणजे मैदानाचा परिणाम सगळ्यांवर सारखा नाही. तो तापमानावर अवलंबून आहे, शर्यत सुरुवातीपासून वेगात झाली की सगळे एकमेकांकडे बघत हळू धावले यावर अवलंबून आहे, आणि धावणाऱ्याची त्या दिवसाची तब्येत तर आहेच. हे सगळं एका "करेक्शन फॅक्टर"मध्ये कोंबता येत नाही. आपल्या भाषेत याला इंटरॅक्शन म्हणतात, आणि इंटरॅक्शन असताना सरसकट एक आकडा वजा करणं म्हणजे नवी चूक जमा करणं.

मग निकाल लावतात कसा?

या स्पर्धेची परंपरा जुनी आहे. १९०३ साली स्कॉटलंडमधल्या हॅमिल्टन पार्क या घोड्यांच्या रेसकोर्सवर इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड हे चार संघ पहिल्यांदा धावले. १९७३ पासून, बेल्जियममधल्या वेरेगेमपासून, ती आंतरराष्ट्रीय महासंघाच्या हाती आली आणि आजची जागतिक स्पर्धा सुरू झाली. या सगळ्या काळात सांघिक निकालाचा गाभा मात्र एकच राहिला आहे: वेळ विसरा, क्रमांक बघा.

आजच्या नियमानुसार वरिष्ठ गटात एका देशाचे सहा जण धावतात. त्यातल्या पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज करायची. पहिला आला तर १ गुण, सतरावा आला तर १७. ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो संघ जिंकला. १, २, ३, ४ क्रमांक मिळाले तर बेरीज १०. त्याहून चांगलं काही शक्य नाही.

पूर्वी पुरुषांच्या शर्यतीत सहा जणांचे क्रमांक धरत. तेव्हा सर्वोत्तम बेरीज २१. १९८८ साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला केनियाने २३ गुणांत सुवर्ण जिंकलं. पहिल्या नऊ जणांत आठ केनियन होते! मधे पाचव्या क्रमांकावर तेवढा एक परका. मोजले गेलेले क्रमांक १, २, ३, ४, ६ आणि ७. मग आठव्या आणि नवव्या केनियन धावपटूचा उपयोग काय? त्यांचे गुण धरले नाहीत, पण त्यांनी मागून आलेल्या बाकी देशांच्या धावपटूंना दोन-दोन क्रमांक मागे ढकललं. १९८६ ते २००३ अशी सलग १८ वर्षं केनियाने पुरुषांचं सांघिक विजेतेपद सोडलं नाही. एखादा विलक्षण धावपटू दुसऱ्या देशाकडेही असायचा, पण क्रमांकांच्या बेरजेत एकट्याची विलक्षणता फार पुढे नेत नाही. संघाची खोली लागते.

ओळखीचं वाटतंय का?

नेट-सेटचा अभ्यास केला असेल तर वाटायला हवं. दोन संघ एकत्र उभे करायचे, लहान ते मोठे असे क्रमांक द्यायचे, मग एका संघाच्या क्रमांकांची बेरीज काढायची. ही हुबेहूब विल्कॉक्सनची रँक-सम टेस्ट आहे. फ्रँक विल्कॉक्सन हा एका रासायनिक कंपनीत काम करणारा रसायनशास्त्रज्ञ. त्याने ही पद्धत १९४५ साली मांडली. १९४७ साली मान आणि व्हिटनी यांनी तिचा विस्तार केला, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ती बहुतेक वेळा मान-व्हिटनी या नावाने दिसते.

क्रमांकांचा मोठा फायदा असा की एखादा आकडा वेडावाकडा आला तरी तो सगळा निकाल खेचून नेत नाही. संघाचा शेवटचा धावपटू पुढच्यापेक्षा एक सेकंद मागे असो किंवा पाच मिनिटं, तो एकच क्रमांक मागे. सरासरी वेळ धरली असती तर त्या पाच मिनिटांनी संघ बुडाला असता.

पण एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवा, कारण इथे दर वर्षी कुणी ना कुणी अडकतं. समजा तुमच्याकडे दोन उपचार आहेत आणि प्रत्येकाचे तीनच नमुने. सहा जणांच्या शर्यतीत तीन जागा निवडायचे प्रकार २०. तुमच्या पहिल्या गटाने १, २, ३ असे सगळे क्रमांक पटकावले, म्हणजे निकाल याहून स्पष्ट असूच शकत नाही, तरी दोन्ही बाजूंची पी-व्हॅल्यू येते २० पैकी २, म्हणजे ०.१. "सिग्निफिकंट" कधीच येणार नाही! चार-चार नमुने घेतले तर प्रकार ७० होतात आणि सर्वोत्तम पी-व्हॅल्यू साधारण ०.०२९. एका नमुन्याने एवढा फरक पडतो. "ट्रिप्लिकेट घेतलंय" म्हणून निर्धास्त होण्याआधी हा हिशेब कागदावर करून बघा. प्रयोग झाल्यावर तो करण्यात अर्थ नसतो.

क्रमांक काय लपवतात?

आता दुसरी बाजू. बॅथर्स्टला पुरुषांत पहिल्या तिघांच्या वेळा २९:१७, २९:२६ आणि २९:३७. बेलग्रेडला २८:०९, २८:१२ आणि २८:१४. पहिल्या ठिकाणी जिंकणारा नऊ सेकंदांनी पुढे, दुसऱ्या ठिकाणी तीन सेकंदांनी. क्रमांक दोन्हीकडे १, २, ३. "किती फरक पडला" हा तुमचा प्रश्न असेल तर निव्वळ क्रमांक त्याचं उत्तर देत नाहीत. ते फक्त "कोण पुढे" एवढंच सांगतात. म्हणून रँक टेस्ट करून झाल्यावर खाली "सरासरीत लक्षणीय फरक आढळला" असं लिहू नका. परीक्षक वाचतात.

दुसरी अडचण जास्त मजेशीर आहे. वही-पेन घ्या. लाल, निळा, हिरवा असे तीन संघ, प्रत्येकात तीन धावपटू. नऊ जण या क्रमाने आले:

लाल, निळा, निळा, हिरवा, हिरवा, हिरवा, लाल, लाल, निळा.

बेरीज करा. निळा: २ + ३ + ९ = १४. हिरवा: ४ + ५ + ६ = १५. लाल: १ + ७ + ८ = १६. निळा जिंकला, लाल शेवटचा.

आता समजा हिरवा संघ आलाच नसता. बाकीचे सहा जण त्याच क्रमाने धावले: लाल, निळा, निळा, लाल, लाल, निळा. लालची बेरीज १ + ४ + ५ = १०. निळ्याची २ + ३ + ६ = ११. लाल जिंकला! लाल आणि निळ्याच्या एकाही धावपटूचा वेग बदललेला नाही. तिसरं कुणीतरी घरी राहिलं आणि या दोघांचा आपसातला निकाल उलटला.

अजून पुढे जा. फक्त निळा आणि हिरवा धावले तर निळा ९ विरुद्ध १२ ने जिंकतो. फक्त हिरवा आणि लाल धावले तर हिरवा ९ विरुद्ध १२ ने जिंकतो. म्हणजे लाल निळ्याला हरवतो, निळा हिरव्याला हरवतो आणि हिरवा लालला हरवतो. मी पहिल्यांदा हे करून बघितलं तेव्हा बेरीज चुकली असं समजून तीनदा तपासली होती. एडवर्ड हंटिंग्टन या गणितज्ञाने क्रमांकांच्या बेरजेतला हा विरोधाभास १९३८ सालीच 'सायन्स'मध्ये दाखवला होता.

प्रयोगशाळेत याचा संबंध कुठे येतो? तीन किंवा जास्त गट असले की आपण क्रस्कल-वॉलिस टेस्ट करतो आणि नंतर जोड्या लावून बघतो. जोड्या लावताना दोन रस्ते आहेत. सगळ्या गटांचे एकत्र दिलेले क्रमांक तसेच ठेवायचे (डनची टेस्ट हे करते), किंवा प्रत्येक जोडीसाठी नव्याने क्रमांक द्यायचे (वेगवेगळ्या मान-व्हिटनी टेस्ट हे करतात). वरच्या उदाहरणात पाहिलंत तसं, दोन्ही रस्ते वेगळ्या गावी नेऊ शकतात. दोन्हींपैकी कुठला घेणार हे डेटा बघण्याआधी ठरवा आणि मेथड्समध्ये लिहा. दोन्ही करून जो आवडला तो छापणं म्हणजे शर्यत संपल्यावर नियमपुस्तक निवडणं.

शर्यत सोडणारे कुठे जातात?

२००७ साली ही स्पर्धा केनियातच मोम्बासाला झाली. समुद्रकाठची दमट, भयंकर उष्णता. आधीची सलग पाच वर्षं लांब आणि छोटी अशा दोन्ही शर्यती जिंकणारा इथिओपियाचा केनेनिसा बेकेले शेवटच्या फेरीत थांबला. जिंकला इरिट्रियाचा झेर्सेनाय टाडेसे. निकालाच्या तक्त्यात बेकेलेसमोर क्रमांक नाही, वेळ नाही. फक्त "शर्यत पूर्ण केली नाही".

त्याआधीचं एक टोकाचं उदाहरण १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधल्या क्रॉस कंट्रीचं. कडक उन्हात ३८ जण सुटले आणि १५ जण पोचले. पावो नुर्मी जिंकला. यानंतर ऑलिंपिकमधून हा प्रकारच काढून टाकण्यात आला. आता कुणी त्या १५ जणांची सरासरी वेळ काढून "उन्हाचा धावण्यावर परिणाम" असा पेपर लिहिला तर? उन्हाचा खरा परिणाम ज्या २३ जणांवर झाला ते त्या सरासरीत नाहीतच.

आणि बॅथर्स्टचा महिलांचा शेवट. इथिओपियाची लेटेसेनबेट गिडे आघाडीवर होती. अंतिम रेषा समोर दिसत असताना ती कोसळली. तिला उठायला मदत केली गेली आणि बाहेरची मदत घेतली म्हणून ती अपात्र ठरली. अंतिम रेषेजवळ जी सगळ्यांच्या पुढे होती तिचा तक्त्यात क्रमांक नाही.

तुमच्या रीडिंगच्या वहीतही असे तीन प्रकारचे मोकळे रकाने असतात. नळी फुटली, हा अपघात. उपचार सहन न होऊन रोप मेलं, हा तर निकालच आहे. आणि एखादा नमुना उपकरणाच्या किमान मर्यादेच्या खाली गेला, हे अर्धं उत्तर आहे. शेवटच्या प्रकारात क्रमांक फार कामाला येतात, कारण नेमका आकडा माहीत नसला तरी तो सगळ्यात खालचा आहे हे पक्कं माहीत असतं. पण तिन्हींना एकच "एनए" लिहून पुढे गेलात तर सहा महिन्यांनी कुठला मोकळा रकाना कशामुळे मोकळा आहे हे तुम्हालाही आठवणार नाही. कारण त्याच दिवशी, तिथेच, पेनने लिहा.

आता माझी माती

माझं काम मातीतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर आहे. दोन प्रकारची खतं, दोन प्रकारचे वाफे. पहिल्या हंगामात उपकरण एकच, मी एकटी. सोय म्हणून एका खताच्या वाफ्यांची बहुतेक मोजमापं मे महिन्यात उरकली आणि दुसऱ्याची जून-जुलैत. दुसऱ्या खताचे आकडे जवळपास दुप्पट आले. मी खूश. आलेख सुंदर, एरर बार छोटे, पी-व्हॅल्यूत शून्यांची रांग.

सेमिनारमध्ये समितीतल्या एका सरांनी एकच प्रश्न विचारला, "हे खताचं आहे की पावसाचं?"

कोरडी माती पहिल्यांदा भिजली की त्यातले सूक्ष्मजीव एकदम कामाला लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचा लोंढा बाहेर पडतो. याला बर्च इफेक्ट म्हणतात. हे मला माहीत होतं, माझ्याच प्रस्तावाच्या पहिल्या प्रकरणात लिहिलेलं होतं. तरीही मी बॅथर्स्टची वेळ आणि बेलग्रेडची वेळ एकाच आलेखात शेजारी शेजारी लावली होती.

त्या रात्री मी रँक टेस्ट शोधत बसले. वाटलं, सरासरी सोडून क्रमांक घेतले तर काही वाचेल. काही वाचलं नाही. क्रमांक द्यायचे तर दोघं एकाच मैदानात, एकाच दिवशी धावलेले हवेत. माझ्या वहीत असा एकही दिवस नव्हता ज्या दिवशी दोन्ही खतांचे वाफे मोजले होते. पाच महिन्यांचा डेटा प्रबंधात फक्त "प्राथमिक निरीक्षणं" म्हणून उरला आणि मुदतवाढीचा अर्ज करावा लागला.

पुढच्या हंगामात रोज कमी वाफे मोजले, पण रोज दोन्ही खतांचे मोजले आणि कुठला आधी हे चिठ्ठी टाकून ठरवलं. म्हणजे प्रत्येक दिवस ही एक शर्यत. ऊन असो, पाऊस असो, दोघांवर सारखंच. कृषीच्या विद्यार्थ्यांना हे नवं नाही, आरबीडी म्हणजे हेच. दिवसाच्या आत तुलना करायची आणि मग सगळे दिवस एकत्र आणायचे. गट दोनच असतील तर जोडीने केलेली विल्कॉक्सन साइन्ड-रँक टेस्ट, जास्त असतील तर फ्रीडमनची टेस्ट. हो, हा तोच अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन. त्याने ती १९३७ साली दिली.

नव्या डेटात दुसरं खत पुढेच आहे, पण फरक दुप्पट नाही, बराच कमी आहे. स्लाइडवर तो तितकासा उठून दिसत नाही. पण आता कुणी "पावसाचं का?" असं विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे.

तुम्ही प्रस्ताव लिहीत असाल किंवा मुलाखतीची तयारी करत असाल, तर पहिलं रीडिंग घेण्याआधी या चार प्रश्नांची उत्तरं एका पानावर लिहा:

१. माझी "शर्यत" कोणती? दिवस, बॅच, प्लेट की शेत? प्रत्येक शर्यतीत सगळे गट धावणार आहेत का?

२. मला "कोण पुढे" हवंय की "किती पुढे"? त्यानुसार टेस्ट आणि निष्कर्षाचं वाक्य.

३. नमुने एवढे आहेत का, की सर्वोत्तम निकाल आला तरी टेस्ट तो ओळखू शकेल?

४. जो नमुना शेवटपर्यंत पोचणार नाही, त्याची नोंद मी कशी करणार?

ते पान गाईडना दाखवा, तारीख टाका, फाइलला लावा. आणि वरची लाल-निळ्या-हिरव्याची बेरीज स्वतः एकदा करून बघाच. चार-चार धावपटूंचे संघ घेऊन असंच चक्र जमवता येतं का? जमलं तर क्रम कमेंटमध्ये टाका, पुढच्या लेखात त्यावर बोलू.